गाडी काय देती?

गाड्यांचे रिव्ह्यू करणाऱ्या मंडळींचा सातारा जिल्ह्यावर भारी जीव. पुण्यात कंपनीची नवी गाडी हातात पडली, की ती पहाटे अंधारातच खंबाटकी चढते, सुरूर फाट्याला उजवीकडं वळते आणि उजाडायच्या सुमारास वाईच्या पसरणी घाटात हजर होते. मग वर ड्रोन घोंगावायला लागतो, एक जण झुडपात कॅमेरा घेऊन आडवा पडतो, आणि गाडी एकच वळण सात-आठ वेळा घेते. वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. कडेला स्ट्रॉबेरीच्या पाट्या मांडून बसलेल्या बाया हे सगळं बघत असतात. "वाट चुकलं जनू बिचारं," म्हणून एखादी हळहळतेसुद्धा. तेवढ्यात रिव्ह्यूवाला खाली उतरतो, गॉगल डोक्यावर चढवतो आणि कॅमेऱ्याकडं बघून सांगतो, की ही गाडी वळणांवर जबरदस्त कॉन्फिडन्स देते.

नेमकी त्याच वेळी त्याच्या पाठीमागनं महाबळेश्वरची एसटी जाते. उभ्या प्रवाशांसकट गच्च भरलेली. तेच वळण, तीच दरी, आणि ड्रायव्हर कंडक्टरशी मागच्या मागं गप्पा मारतोय. कॉन्फिडन्सचा विषय निघालाच होता, तर दोन शब्द त्याला विचारायला हरकत नव्हती. पण त्याला कुणी विचारत नाही. पसरणी झाला, यवतेश्वर झाला, कासचं पठार, ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, सगळं रिव्ह्यूत येऊन गेलं. या रस्त्यांवर रोज गाडी घालणारा माणूस तेवढा अजून एकाही फ्रेममध्ये आलेला नाही.

मी सातारचा आणि सासुरवाडी सांगलीची, म्हणजे एमएच ११ आणि एमएच १० या दोन्ही पासिंगांचा मला धाक. या पट्ट्यात माणसाला गाडी घ्यायची झाली, की पहिले दोन-तीन महिने तो रात्ररात्र रिव्ह्यू बघत बसतो. ज्याला आजवर सायकलची चेन बसवता आली नाही, तो जेवताना टॉर्कवर बोलायला लागतो. बायको भाजीत मीठ कमी पडलंय का विचारते आणि हा म्हणतो, "मिड-रेंजमध्ये जरा कमी वाटतंय." घरातले समजून घेतात. पहिल्या गाडीचं असंच असतं.

अडचण अशी, की रिव्ह्यूवाला ज्या प्रश्नांची उत्तरं देतो ते प्रश्न इकडं कुणाला पडलेलेच नसतात. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा त्याचा लाडका आकडा. सातारला पोवई नाक्यावरनं राजवाड्याकडं निघालेल्या माणसाला शून्य ते वीसच गाठायचे असतात, आणि तेही सेकंदांत मोजण्यासारखे नसतात. स्टिअरिंगचा फीडबॅक कसा आहे, यावर तो चार मिनिटं बोलतो. आमच्याकडं स्टिअरिंगनं फीडबॅक द्यायला सुरुवात केली, की माणूस गाडी फिटरकडं घेऊन जातो.

इथले प्रश्न वेगळे. मागं तिघं आणि मधी आज्जी बसती का? आज्जी नऊवारीत, तिला पाय टाकता येईल एवढ्या उंचीवर गाडी आहे, की दोघांनी धरून वर ढकलायची? लग्नाला निघालेली सात माणसं (पाच हक्काची, दोन मांडीवरची) घेऊन गावातल्या स्पीडब्रेकरवरनं गेली तर खालनं लागती का? हा स्पीडब्रेकर ग्रामपंचायतीनं घातलेला नसतो, हेही लक्षात घ्यायचं. तो कोपऱ्यावरच्या घरातल्या माणसानं रागाच्या भरात घातलेला असतो, आणि त्याची उंची रागाच्या प्रमाणात असते. डिक्कीत ज्वारीचं पोतं, शेंगांची गोणी आणि सांगलीहून निघताना सासूबाईंनी दिलेला हळदीचा डबा एकदम मावतात का? भरल्या गाडीला घाटात एसी बंद करावा लागतो का? पार्ट कराडात मिळतो का पुण्याला पळावं लागतं? आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून: इकायची म्हटली तर काय येतील?

रिव्ह्यूच्या गाडीत माणसं दोनच असतात. त्यातला दुसरा कॅमेरा धरायला.

बरं, रिव्ह्यूवाले खोटं बोलतात असंही नाही. त्यांची भाषा लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखी असते, एवढंच. मध्यस्थ कधी 'मुलगा आळशी आहे' म्हणत नाही, 'मुलगा शांत आहे' म्हणतो. 'शहरासाठी अतिशय योग्य गाडी' याचा अर्थ खंबाटकीत ट्रकच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये जप करत बसायचं. 'मागच्या सीटवर दोघं आरामात बसतील' म्हणजे तिसऱ्याचे हाल विचारू नका. 'कंपनीनं किंमत जरा कमी ठेवायला हवी होती' हे वाक्य आलं, की गाडी बरीच महाग आहे असं धरून चालावं. आपल्याकडं स्थळं बघून बघून माणसाला हे ऐकायची सवय असते. पण नवरा मुलगा बघताना चार ठिकाणी चौकशी करणारी मंडळी गाडीच्या बाबतीत त्या चकचकीत आवाजावर एकदम भाळतात.

हा आवाज इतका गोड का असतो, याला कारण आहे. गाडी बाजारात यायच्या आधी कंपनी पत्रकारांना आणि व्हिडिओवाल्यांना बोलावून घेते. विमानाचं तिकीट, उदयपूर नाहीतर गोव्यातलं हॉटेल, धुऊन-पुसून रांगेत उभ्या केलेल्या गाड्या आणि टाकी फुल्ल. अट एकच, अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाही. त्यामुळं मुहूर्तावर अक्षता पडाव्यात तसे सगळे रिव्ह्यू एकाच मिनिटाला येऊन पडतात. यात कुणी कुणाला पाकीट देतं असं म्हणायचं नाही, तशी गरजही पडत नाही. पुढच्या गाडीचं आमंत्रण येणार की नाही, एवढा विचार पुरेसा असतो. खाल्ल्या मिठाला जागणं हा आपल्याकडं सद्गुण आहे. या धंद्यात तोच आडवा येतो.

मोठमोठ्या वर्तमानपत्रांनाही यातनं सुटका नाही. अमेरिकेतल्या 'लॉस एंजेलिस टाइम्स'चा डॅन नील हा गाड्यांवर लिहिणारा माणूस. समीक्षेसाठीचं पुलित्झर पारितोषिक त्याला २००४ मध्ये मिळालं. पुढच्याच वर्षी त्यानं जनरल मोटर्सच्या एका गाडीवर लिहिता लिहिता कंपनीच्या वरच्या साहेबांनाही धारेवर धरलं. कंपनीनं त्या वर्तमानपत्राच्या जाहिरातीच बंद केल्या. काही महिन्यांनी त्या परत सुरू झाल्या खऱ्या, पण बाकीच्यांना जो निरोप पोचायचा तो पोचला. उलट बाजूला तिथंच 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' नावाचं मासिक १९३६ पासून चालू आहे. ते जाहिराती घेत नाही. गाडी तपासायची तर आपण कोण हे न सांगता साध्या गिऱ्हाइकासारखी शोरूममधनं पैसे मोजून विकत घेतं. हे कसं परवडतं? वाचक वर्गणी भरतात. आमच्याकडं एक दिवाळी अंक घेतला तर तो अख्खी आळी वाचून परत करते, आणि कोडं आधीच सोडवलेलं असतं. त्यामुळं आपल्या हिशेबात रिव्ह्यू फुकट असतो आणि त्याचे पैसे दुसरा कुणीतरी भरतो.

आपल्याकडं निदान नियम झालेत. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेनं २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये बजावलं, की पैसे, भेटवस्तू, प्रवास, हॉटेलचा मुक्काम यातलं काही घेऊन मालाची तारीफ करत असाल तर ते बघणाऱ्याला स्पष्ट सांगा. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. लोक सांगतातही. व्हिडिओच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात, दोन सेकंद.

या बाबतीत मला आमच्या किर्लोस्करवाडीचं कौतुक वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकऱ्यांनी त्याचा न बघताच रिव्ह्यू करून टाकला होता: लोखंडानं जमीन विषारी होते. त्या एका वाक्यानं पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. पुढं १९१० मध्ये औंध संस्थानच्या मदतीनं कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला, आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याचं पत्र, कारखान्याच्या नावानं. वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून माहीत, की बोलणारा नांगर विकणारा आहे. एवढी सरळ गोष्ट होती. आता नांगरवाला बाजूला उभा राहतो आणि तिसराच माणूस गॉगल लावून सांगतो, की नांगर वळणांवर कॉन्फिडन्स देतो.

मग गावातल्या माणसांना विचारावं? विचारतोच आपण. आणि तिथं खरी गंमत सुरू होते.

पहिला मान वडापवाल्याचा. ज्याला सरकारी भाषेत अवैध प्रवासी वाहतूक म्हणतात आणि ज्याच्यावाचून दुष्काळी पट्ट्यातली कित्येक गावं बाजाराला पोचली नसती, त्या वडापच्या जीपच्या ड्रायव्हरइतका कडक परीक्षक भारतात नाही. कंपनीनं नऊ माणसांसाठी केलेल्या गाडीत पंधरा बसवून, दोघं मागच्या पायरीवर लटकवून आणि वर टपावर कोंबड्यांची डालगी बांधून तो गाडी तपासतो. क्लच प्लेट किती दिवस टिकती, कमान पाटा कधी मोडतो, कुठला टायर डांबरावर झिजतो आणि कुठला खडीवर फाटतो, सगळं तोंडपाठ. पण त्याला आरामाचं विचारू नये. "सीट कशी आहे?" म्हटलं तर तो म्हणतो, "काय म्हाईत, मी कायम दाराकडनं अर्धाच बसतोय."

दुसरा फिटर. याच्याकडं गाडी उघडी पडते, म्हणून याचं मत सोन्यासारखं. आमच्या फिटरला मी विचारलं, "ही गाडी घ्यावी म्हणतोय, कशी आहे?" हात पुसत म्हणाला, "बिनधास्त घ्या सर, एक नंबर. लय येत्यात आपल्याकडं." मी आनंदानं घरी आलो. बायकोनं विचारलं, "फिटरकडं लय येत्यात म्हणजे चांगली कशी?"

तिसरा, म्हणजे ती गाडी आधीच घेतलेला माणूस. हा साक्षीदार कोर्टानं फितूर म्हणूनच बोलवावा. सात वर्षांचा हप्ता चालू असलेला माणूस गाडीला नावं ठेवत नाही. त्यानं नावं ठेवली तर भावकीत त्याच्या अकलेला नावं ठेवली जातात. हप्ते फिटल्यावर तरी बोलेल म्हणावं, तर तोवर त्यानं ती विकायला काढलेली असते, आणि विकणाऱ्याच्या तोंडून गाडीची जेवढी स्तुती निघते तेवढी उदयपूरच्या हॉटेलातूनही निघत नाही. "एका डॉक्टरांची गाडी, फक्त दवाखान्यापर्यंत वापरलेली." सातारा-सांगलीतल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती खऱ्या मानल्या, तर या दोन जिल्ह्यांत डॉक्टर सोडून कुणी कधी गाडी घेतलेलीच नाही.

आणि चौथा मेव्हणा. त्याच्याबद्दल सविस्तर लिहिलं तर घरात राहणं अवघड होईल. एवढंच सांगतो, की तो सगळे रिव्ह्यू बघतो आणि फोनवर मला ऐकवतो, "दाजी, ही घ्या, नाद करायचा न्हाय." त्याच्याकडं स्वतःची मोटारसायकल आहे.

या सगळ्यांना एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे काय देती? एका लिटरला किती, हे विचारायची गरज नाही. दुसरं काही देण्याची अपेक्षा गाडीकडनं नसतेच. आणि या प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, माझे सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. निवृत्त गणिताचे मास्तर. टाकी गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि भागाकार करायचा. वही आहे, वहीला पुठ्ठ्याचं कव्हर आहे. मामांच्या वहीप्रमाणं त्यांची गाडी कंपनी सांगते त्याच्या खूप खाली देते, आणि सातारहून सांगलीला येताना जास्त देते, सांगलीहून सातारला जाताना कमी. याचं कारण त्यांनी भूगोलात शोधून काढलं. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर, सांगली साधारण साडेपाचशे. "त्यामुळं," मामा म्हणाले, "सातारकर आणि सांगलीकर अ‍ॅव्हरेजवरनं भांडले तर दोघंही खरं बोलत असतात. जो तो आपापल्या उताराचं सांगतो."

कंपनीचा आकडा कुठनं येतो तेही मामांनीच समजावलं. पुण्यात एआरएआय नावाची संस्था १९६६ पासून आहे. तिथं गाडी रस्त्यावर नेतच नाहीत, रोलरवर चढवतात. चाकं जागच्या जागी फिरतात. साधारण वीस मिनिटांची ठरलेली चाल: निघा, थांबा, निघा, थांबा, शेवटी थोडा वेळ जोरात, तेही ताशी ९० च्या वर नाही. एसी बंद. यात फसवणूक काही नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणून एका गाडीची दुसरीशी तुलना करायला तो आकडा चांगला. फक्त त्या रोलरवर म्हैस आडवी येत नाही, उसाचा डबल ट्रॉलीवाला ट्रॅक्टर रस्ता अडवून चालत नाही, आणि आज्जी "काच लावा, एसी लावा, आता बंद करा, गारठलं" असं म्हणत नाही.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अंदाज होता, की साध्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज २० टक्क्यांवर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. म्हणजे चार वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू ज्या पेट्रोलवर झाला ते पेट्रोलच आता पंपावर नाही. भुईंजपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठी साखर कारखान्यांची रांग, त्यामुळं इकडं या विषयावर बोलणं फार नाजूक होऊन बसलंय. पारावर एकच तात्या सकाळी म्हणतात, "इथेनॉल वाढलंच पाहिजे, त्याशिवाय उसाला दर न्हाई," आणि संध्याकाळी पंपावरनं परत आल्यावर म्हणतात, "गाडीला काय झालंय कळंना, पहिल्यासारखी देत न्हाई." तात्यांचा ऊस तात्यांच्याच टाकीत येऊन तात्यांचंच अ‍ॅव्हरेज खातो. यावर रिव्ह्यू कुणी करायचा?

सांगलीला आणखी एक प्रश्न असतो: पाण्यातनं जाती का? कंपन्या हल्ली हेही सांगतात, थारसारखी गाडी ६५० मिलिमीटर पाण्यातनं जाते वगैरे. ऐकून सांगलीकर नुसता बघत राहतो. कंपनी मिलिमीटरमध्ये सांगते आणि सांगली आयर्विन पुलापाशी फुटांत मोजते. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती. त्या पुरानं सांगलीकरांना जुनी गाडी तपासायची एक विद्या शिकवली, जी कुठल्याही रिव्ह्यूत मला सापडली नाही. माणूस बॉनेट उघडत नाही. आत बसतो, दार लावून घेतो आणि नुसता वास घेतो. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत खेचून बघतो. वरचा भाग कुणीही धुतो. आतल्या टोकाला गाळाची पिवळसर रेघ राहिलेली असते. विकणारा एवढ्यात दुसरीकडं बघायला लागला, की सौदा संपला. मेव्हण्याला या एका कामात मी शंभर गुण देतो.

रिव्ह्यूवाले बरोबर असूनही गिऱ्हाइकाच्या कामाचे नसतात, याचं मोठं उदाहरण म्हणजे फियाट. रांजणगावात २००९ पासून पुंटो बनायला लागली तेव्हा जाणकार तिच्यावर फिदा होते. रस्त्याला कशी चिकटते, खड्ड्यातनं कशी तरंगते, दार लावल्यावर आवाज कसा भरदार येतो! सगळं खरं होतं. आमच्याकडच्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पार्ट?" मग विचारलं, "इकताना?" आणि जाऊन मारुतीची डिझेल स्विफ्ट घेतली. त्या स्विफ्टमधलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मूळचं फियाटचंच, मारुती ते परवान्यावर बनवत होती. म्हणजे जाणकारांनी ज्या कंपनीची शिफारस केली तिचं इंजिन लोकांनी घेतलं, फक्त तिची गाडी घेतली नाही. रिव्ह्यूचा आणि पारावरच्या शहाणपणाचा असा समेट माझ्या बघण्यात दुसरा नाही.

पारावरचं शहाणपण इथं जिंकलं म्हणायला हरकत नाही. शेवर्लेची विक्री भारतात २०१७ अखेर बंद झाली, फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. 'चालवायला उत्तम' म्हणून नावाजलेल्या त्या गाड्या चालवायला अजूनही उत्तम असतील. पण कंपनी किती वर्षं राहणार, हे तीन दिवस गाडी चालवून कळत नसतं. आणि बोलेरोला २००० सालापासून कुणी रस्त्याला चिकटते म्हणून नावाजलं नाही, तरी ती वर्षानुवर्षं देशात खपाच्या यादीत वर राहिली. पोलीस ठाण्यात ती, बँकेच्या वसुलीला ती, सरपंचाच्या दारात ती. तिचा रिव्ह्यू वाचून ती कुणी घेतली असेल असं वाटत नाही.

पण एका ठिकाणी मामा, मेव्हणा, फिटर आणि वडापवाला या चौघांनी गप्प बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडं गाडीची मजबुती बोटानं बॉनेट वाजवून बघतात. टणटण वाजलं तर पत्रा पातळ, दबका आवाज आला तर "पत्रा जाड हाय, काय हुत न्हाय." ग्लोबल एनकॅपनं २०१४ च्या सुरुवातीला भारतातल्या पाच खपाऊ गाड्या ताशी ६४ च्या वेगानं अडथळ्यावर नेऊन धडकवल्या: अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे. बोटानं वाजवून त्यातली पोलो सगळ्यांत दणकट ठरली असती. तिच्यात पुढं दोन एअरबॅग घालून पुन्हा धडकवली तेव्हा चार तारे मिळाले. पत्रा तोच होता. पुढं डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला पाच तारे मिळाले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली. उलट बोलेरो निओ, जिचा पत्रा वाजवून आमचे तात्या "रणगाडा हाय रणगाडा" म्हणतील, तिला एप्रिल २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं एक तारा दिला. खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या त्या एस वळणाला तात्यांचं बोट माहीत नाही. तिथं भिंतीवर गाडी आपटून बघणाऱ्याचंच ऐकावं, आणि तो तारे सांगत असताना मधेच सनरूफवर जाणाऱ्या रिव्ह्यूवाल्याचं ऐकू नये.

तसे चांगले रिव्ह्यूही असतात. काही मासिकं एखादी गाडी सहा-आठ महिने दाराशी ठेवून वापरतात. सर्व्हिसिंगला किती लागले, कुठं खडखडायला लागलं, पावसात कुठनं गळलं, सगळं लिहितात. साताऱ्याच्या माणसाला हवं ते नेमकं त्यात असतं. पण त्यात ड्रोन नसतो, म्हणून ते कुणी बघत नाही.

या सगळ्या भानगडीतनं पूर्ण मोकळा झालेला माणूस मला एकच माहीत आहे, आणि तो सांगली जिल्ह्यातला आहे. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातनं साधारण साठ हजारांत स्वतःच चारचाकी बनवली. मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला आणि जाहीर लिहिलं, की ही गाडी नियमांत बसत नाही, पण या माणसाच्या हुशारीला तोड नाही. ती आम्हाला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो देवराष्ट्रेत आली. गाडीच्या कंपनीच्या मालकानं गिऱ्हाइकाच्या गाडीचा रिव्ह्यू करावा, त्यात उणं-अधिक दोन्ही सरळ सांगावं आणि वर स्वतःच्या पदरची गाडी द्यावी, असा प्रामाणिक रिव्ह्यू जगात दुसरा झाला नसेल. बाकीच्यांना मात्र शोरूममध्येच जावं लागतं.

तर आम्हीही गेलो. टेस्ट ड्राइव्हला एकच माणूस येतो या समजुतीनं शोरूमचा पोरगा छोटी गाडी घेऊन उभा होता. आम्ही सहा जण होतो. त्याचा ठरलेला रस्ता होता हायवेला समांतर, सपाट, दोन किलोमीटरचा. बरोबर आलेले माझे काका म्हणाले, "यवतेश्वरला घे." पोरगा म्हणाला, "सर, तिकडं परवानगी नाय." काकांनी त्याच्या आडनावाची चौकशी केली, मग गावाची, मग आजोबांची, आणि परवानगी मिळाली. वर जाताना मेव्हणा मागनं आकडे सांगत होता, मामा डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते, काका एसीच्या जाळीपुढं हात धरून बसले होते. आज्जी मधी होत्या. वर पोचल्यावर सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "उतरायला जमतंय. चढताना गुडघा म्हणतोय न्हाई."

एवढ्या एका वाक्यावर दोन-तीन महिन्यांचे रिव्ह्यू रद्द झाले. दुसरी, जरा उंचीनं बेताची गाडी ठरली. शोरूमनं सांगितलं, की त्यातलं आम्ही निवडलेलं मॉडेल चार महिने येत नाही; पाडव्याला हवी असेल तर पांढरी, वरचं मॉडेल, एकच शिल्लक आहे आणि तिलाही एक पार्टी बघून गेलीय. ती पार्टी खरोखर होती का, हे विचारायचं धाडस या दोन्ही जिल्ह्यांत आजवर कुणी केलेलं नाही. पाडव्याला सकाळी गाडी घेतली, चाकाखाली लिंबं चिरडली, कंदी पेढे वाटले.

कोपऱ्यावर शेजारचे तात्या उभेच होते. गाडीभोवती एक चक्कर मारली, बोटानं बॉनेट वाजवलं आणि विचारलं, "काय देती?"

गाडी शोरूमपासून घरापर्यंत आली होती तेवढीच, आणि वाटेत पेट्रोलही मीच भरलं होतं. मागनं मामा वही उघडतच होते, तेवढ्यात मी म्हणालो,

"बावीस देती तात्या. आरामात."